हिरवा कंदील कोणाच्या हातात?

कोणत्याही मराठी दैनिकाचे आठवडाभराचे अंक चाळले तर एक शब्दप्रयोग हमखास सापडतो. एखाद्या धरणाला मंत्रिमंडळाचा हिरवा कंदील मिळतो, भरतीच्या प्रस्तावाला अर्थखाते हिरवा कंदील दाखवते, उमेदवाराच्या नावाला पक्षश्रेष्ठींकडून हिरवा कंदील येतो. लग्नाच्या बोलण्यांतही मुलीकडच्यांनी ‘हिरवा कंदील’ दिला असे सहज म्हटले जाते. इंग्रजीतल्या ‘ग्रीन लाइट’चा आणि भारतीय इंग्रजीतल्या ‘ग्रीन सिग्नल’चा हा मराठी अवतार. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे : परवानगी, संमती, पुढे जायला मोकळीक.

प्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की त्यातला कंदील आता कोणाला दिसत नाही. तो मुळात एका माणसाच्या हातात होता, त्या माणसावर एक ठरावीक जबाबदारी होती आणि त्या हिरव्या उजेडाला ठरावीक मर्यादा होती. या तिन्ही गोष्टी मराठी वाक्प्रचारातून गळून गेल्या. काय गळले आणि त्यामुळे काय बिघडले, हे पाहण्यासाठी परभणी जिल्ह्यातले पूर्णा हे सोयीचे ठिकाण आहे. पूर्णा नदीच्या काठचे हे गाव मोठे झाले ते जंक्शन म्हणून. तिथल्या अनेक कुटुंबांसाठी हिरवा आणि लाल हे वाक्प्रचार होण्याआधी रोजच्या ड्युटीचे रंग होते.

पांढरा, हिरवा, लाल

हिरवा म्हणजे ‘जा’ हे आपल्याला निसर्गनियमासारखे वाटते. प्रत्यक्षात रेल्वेच्या पहिल्या अर्धशतकात तसे नव्हते. १८४१ मध्ये बर्मिंगहॅम येथे इंग्लंडमधल्या रेल्वे कंपन्यांच्या व्यवस्थापकांची बैठक झाली आणि सिग्नलच्या रंगांबाबत एकवाक्यता करण्याचा प्रयत्न झाला. तेव्हाचा संकेत असा होता : लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे रस्ता मोकळा आणि हिरवा म्हणजे सावध, हळू चला. म्हणजे त्या काळी कोणी ‘हिरवा कंदील’ दाखवला असता तर त्याचा अर्थ ‘खुशाल जा’ असा न होता ‘जपून या’ असा झाला असता.

पांढऱ्या दिव्याची अडचण हळूहळू कळत गेली. सिग्नलचा दिवा मुळात साधाच असे, त्याच्यापुढे रंगीत काच येई. लाल काच फुटली की मागचा पांढरा उजेड दिसू लागे आणि ‘थांबा’चा अर्थ आपोआप ‘जा’ होई. शिवाय शहरे वाढली, रस्त्यांवर आणि घरांत दिवे वाढले, तसा रुळांकडेचा पांढरा दिवा कोणता आणि गावातला कोणता हे ओळखणे अवघड झाले. २१ जानेवारी १८७६ रोजी अ‍ॅबट्स रिप्टन येथे बर्फाच्या वादळात सिग्नलचे हात ‘मोकळा’ या स्थितीतच गोठून अडकले. सिग्नलमनने धोक्याचा खटका ओढला होता, पण ड्रायव्हरला समोर पांढरा दिवाच दिसत राहिला आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. या अपघाताने एक तत्त्व रुजवले : यंत्रणा बिघडली तर तिने ‘थांबा’ म्हणावे, ‘जा’ म्हणू नये. पांढऱ्याची सद्दी संपत आली. १८९०च्या दशकात ब्रिटिश रेल्वेमार्गांवर ‘मोकळा’साठी हिरवा रंग स्थिरावत गेला आणि सावधगिरीसाठी पुढे पिवळा आला.

त्याच दशकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचे काम चालू होते. सिकंदराबादहून निघून निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद असा मराठवाडा ओलांडून मनमाडला मोठ्या लाइनीला मिळणारा हा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पूर्ण झाला. १९१२ मध्ये पूर्ण्याहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. पुढे १९६०च्या सुमारास हा फाटा अकोल्यावरून खांडव्यापर्यंत जोडला गेला, आणि दक्षिणेकडून राजस्थानाकडे जाणाऱ्या मीटरगेज गाड्यांच्या वाटेवर पूर्णा आले. थोडक्यात, मुंबई–ठाणे मार्गाला १८५३ मध्ये जे रंग मिळाले असते, त्याहून वेगळे रंग घेऊन रेल्वे मराठवाड्यात आली. इथल्या माणसाने हिरवा पाहिला तो ‘मोकळा’ म्हणूनच.

तरी हिरव्याचा जुना अर्थ पुरता पुसला गेला नाही. भारतीय रेल्वेच्या नियमांत हात-सिग्नलची भाषा आजही अशी आहे : हिरवा दिवा स्थिर धरला तर ‘चला’, आणि तोच दिवा खालीवर हलवला तर ‘सावधपणे चला’. रंग एकच, पण हात हलला की १८४१चा अर्थ परत येतो. पांढऱ्याचे तर पार उलटे झाले. लाल दिवा हाताशी नसेल तर पांढरा दिवा शरीरासमोर जोरजोरात आडवा हलवायचा, त्याचा अर्थ ‘थांबा’.

कंदीलच का?

इंग्रजीत प्रयोग ‘लाइट’चा आहे. हिंदीने ‘हरी झंडी’ घेतली आणि एकाच झंडीवर दोन्ही कामे भागवली : मंजुरी देणे हीही हरी झंडी आणि गाडी रवाना करणे हीही हरी झंडी. मराठीने मात्र दोन वेगळ्या वस्तू निवडल्या. मंजुरीसाठी ‘हिरवा कंदील’, आणि गाडी, बस, मोर्चा, सायकलफेरी सोडण्यासाठी ‘हिरवा झेंडा’. मुख्यमंत्री प्रकल्पाला कंदील दाखवतात आणि गाडीला झेंडा. हा भेद मराठी माणूस न शिकवता पाळतो. या भेदाकडे पुढे परत यावे लागेल.

कंदील हा शब्द स्वतःच दूरवर फिरून आलेला आहे. लॅटिन ‘कँडेला’ ग्रीकमधून अरबीत जाऊन ‘किंदील’ झाला आणि अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत ‘कंदील’ म्हणून स्थिरावला. इंग्रजीतला ‘कँडल’ त्याच मूळ शब्दाचा वंशज. म्हणजे गार्डाच्या हातातली वस्तू साहेबाची असली तरी तिचे नाव आपल्या घरातले होते. दिवाळीत दारावर टांगला जातो तोही कंदीलच. मराठी बोलीने ‘सिग्नल’चा ‘शिग्नल’ केला, ‘स्टेशन’चे ‘टेसन’ केले, पण गार्डाच्या दिव्याला नवा शब्द शोधावा लागला नाही.

रंगाचेही तसेच. हिरवा चुडा, हिरवी साडी, हिरवे शिवार अशा शुभ अर्थाच्या वस्तूंत हिरवा दिवा सहज मिसळला. रेल्वेने पांढराच ‘मोकळा’ म्हणून ठेवला असता तर ‘पांढरा कंदील’ मराठीत रुजला असता का, अशी शंका वाटते. पांढऱ्याला इथे शोकाचे आणि वैराग्याचे संदर्भ होते. पांढरे निशाण तर शरणागतीचे.

याच रेल्वेने मराठीला आणखीही बरेच दिले. बिघडलेले काम ‘रुळावर येते’ किंवा ‘रुळावरून घसरते’, बोलण्याचा ‘सांधा बदलतो’, नको असलेला माणूस ‘साइडिंगला टाकला’ जातो. या प्रयोगांत मूळ वस्तूचा अर्थ बऱ्यापैकी शाबूत आहे. साइडिंगला टाकलेला डबा खरोखरच साइडिंगला पडून असतो. हिरव्या कंदिलाचे मात्र तसे झाले नाही.

लाइन क्लिअर

पूर्ण्याहून नांदेडकडे निघालेल्या गाडीला पुढचे स्टेशन चुडावा. मार्ग एकेरी होता त्या काळात पूर्ण्याच्या स्टेशन मास्तरला गाडी सोडायची असेल तर तो आपल्या मनाने सिग्नल पाडू शकत नसे. त्याला आधी चुडाव्याला विचारावे लागे. चुडाव्याचा मास्तर पाही : आधीची गाडी संपूर्ण आली का, म्हणजे तिच्या शेवटच्या डब्यावरची खूण, रात्री लाल शेपूटदिवा, दिसला का, तिच्यामागचे सिग्नल पुन्हा धोक्यावर आले का, आणि पहिल्या थांब्याच्या सिग्नलपुढेही ठरावीक अंतर रूळ रिकामा आहे का. हे सगळे बरोबर असेल तरच तो ‘लाइन क्लिअर’ देई. मग पूर्ण्याचा सिग्नल उतरे.

ही पद्धत सहजासहजी आली नाही. रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात एक गाडी गेल्यावर काही मिनिटे थांबून दुसरी सोडत. पहिली गाडी पुढे पोचली की वाटेत अडकली, हे कळायला मार्ग नसे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा येथे चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सुटून उताराला लागले आणि मिनिटांच्या हिशोबाने सोडलेल्या मागच्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांच्या मार्गांवर पुढच्या ठाण्याच्या होकाराशिवाय गाडी सोडण्याची पद्धत बंद करण्याचा मार्ग मोकळा केला. दोन स्टेशनांमधल्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हे त्यामागचे साधे सूत्र.

एकेरी मार्गावर हे सूत्र डोळ्यांना दिसेल अशा रूपात उतरले. भारतात नीलच्या बॉल टोकनची यंत्रे वर्षानुवर्षे वापरात होती. दोन शेजारच्या स्टेशनांतली यंत्रे तारेने एकमेकांशी जोडलेली असत. पुढच्या स्टेशनाने होकार दिल्यावरच मागच्या स्टेशनातल्या यंत्रातून धातूचा एक गोळा बाहेर पडे, आणि तो बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघत नसे. गोळ्यावर टप्प्याचे नाव कोरलेले असे. तो चामडी पिशवीत घालून, पिशवीला मोठे कडे लावून ड्रायव्हरला दिला जाई. न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर किंवा फायरमन हात बाहेर काढून ते कडे झेले आणि मागच्या टप्प्याचे कडे खाली टाकी. तो गोळा हातात असल्याशिवाय सिग्नल उतरलेला असला तरी गाडी त्या टप्प्यात शिरत नसे.

‘लाइन क्लिअर’ हाही प्रयोग मराठी बोलण्यात आला. वरिष्ठ केबिनमध्ये एकटे आहेत का, सासरा घरी नाही ना, वाटेत पोलीस नाहीत ना, हे विचारताना ‘लाइन क्लिअर आहे का?’ म्हणतात. या बोलण्यात मूळ अर्थ अजून जिवंत आहे, कारण विचारणारा पुढच्या माणसाला विचारतो आणि पुढचा माणूस बघून सांगतो.

खाली पडलेल्या तीन गोष्टी

आता रेल्वेचा हिरवा आणि वर्तमानपत्रातला हिरवा शेजारी ठेवून पाहावेत.

पहिली गोष्ट दिशेची. वर्तमानपत्रातला हिरवा कंदील नेहमी वरून येतो : मंत्रालयातून, दिल्लीतून, हायकमांडकडून. रेल्वेत तो वरून येत नाही. रूळ मोकळा असल्याची खात्री पुढच्या स्टेशनाकडून येते. गाडी सुटायची वेळ झाली की शेवटच्या डब्यातला गार्ड, ज्याला २०२२ पासून अधिकृतपणे ट्रेन मॅनेजर म्हणतात, मागून हिरवा दाखवतो, कारण सगळी गाडी त्याच्या नजरेसमोर असते. कोणती गाडी आधी काढायची हे विभागीय कार्यालयातला कंट्रोलर सांगतो, पण तोही चुडाव्याच्या वतीने लाइन क्लिअर देऊ शकत नाही. हुद्द्याने कितीही मोठा असला तरी रूळ ज्याच्या नजरेखाली आहे, होकार त्याचाच.

दुसरी गोष्ट मर्यादेची. रेल्वेतला हिरवा एका टप्प्यापुरता असतो. पूर्ण्याला मिळालेला होकार चुडाव्यापर्यंत. चुडाव्याच्या पुढे लिंबगाव, तिथला होकार वेगळा. सिकंदराबादपर्यंतचा एकच हिरवा कंदील रेल्वेच्या कल्पनेतच बसत नाही. वर्तमानपत्रातला कंदील मात्र एकदा मिळाला की प्रकल्प झाल्यातच जमा होतो. तत्त्वतः मंजुरी, सर्वेक्षण, जमिनीची मोजणी, मोबदला, निधी, निविदा या प्रत्येक टप्प्यावर वेगळा होकार लागतो हे शब्दात कुठेच उरत नाही.

तिसरी गोष्ट नोंदीची. लाइन क्लिअर घेताना-देताना दोन स्टेशन मास्तर एकमेकांना खासगी क्रमांक देतात. तो क्रमांक आणि वेळ दोघांच्या रजिस्टरात उतरते. फाटकवालाही फाटक लावल्याची खात्री तसा क्रमांक देऊनच करतो. उद्या अपघात झाला तर होकार कोणी दिला, किती वाजता दिला, हे कागदावर असते. मराठी वाक्प्रचारात ‘कंदील मिळाला’ असे कर्माचे रूप जास्त चालते. कोणी दिला, कशाची खात्री करून दिला, ही माहिती वाक्यातून सुटते आणि वाचकाला ती चुकल्यासारखीही वाटत नाही.

इंग्रजीतही हे सगळे थोडेफार गळलेच आहे. पण मराठवाड्याच्या वाचकाला त्याची किंमत जास्त मोजावी लागली, आणि तीही रेल्वेच्याच संदर्भात.

कंदील आणि झेंडा यांच्यामधले अंतर

मराठवाड्यात मीटरगेजचे ब्रॉडगेज होणे हे दीर्घकाळ आंदोलनाचे कारण होते. मनमाड–औरंगाबाद मार्ग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रुंद झाला, पुढचे तुकडे त्यानंतर टप्प्याटप्प्याने, आणि पूर्णा–अकोला मार्ग रुंद व्हायला २००८ उजाडले. पूर्ण्याच्या फलाटांवर बरीच वर्षे दोन रुंदीचे रूळ आणि अर्ध्यावर थांबलेले प्रवास, अशी अवस्था होती. अलीकडे परभणी ते मुदखेड हा पूर्ण्यावरून जाणारा सुमारे ८१ किलोमीटरचा पट्टा दुहेरी झाला. यांपैकी प्रत्येक कामाला केव्हा ना केव्हा हिरवा कंदील मिळाल्याची बातमी आली होती.

सर्वांत बोलके उदाहरण अहमदनगर–बीड–परळी मार्गाचे. हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला. त्या मंजुरीला मराठी पत्रे काय म्हणणार, हिरवा कंदीलच. नगर ते आष्टी या ६६ किलोमीटरच्या तुकड्यावर प्रवासी गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. परळीपर्यंतचा तुकडा तेव्हाही बाकीच होता. आता मघाचा भेद आठवावा. १९९५चा तो हिरवा कंदील आणि २०२५चा तो हिरवा झेंडा. मराठीने या दोन क्रियांना दोन वेगळ्या वस्तू का दिल्या असाव्यात याचा भाषाशास्त्रीय पुरावा देता येणार नाही, पण या मार्गावर त्या दोन वस्तूंमधले अंतर तीस वर्षांचे भरले. कंदील पाहिला तेव्हा जन्मलेली मुले झेंडा पाहायला स्वतःची मुले घेऊन आली असतील.

रेल्वेच्या भाषेत ही परिस्थिती सांगायची तर कंदील दाखवणाऱ्याने पुढच्या स्टेशनाला विचारलेच नव्हते. जमीन ताब्यात आहे का, पैसा दरवर्षी किती येणार, राज्य आणि केंद्र आपापला वाटा केव्हा भरणार, या प्रत्येक टप्प्याचा एक चुडावा होता आणि त्याच्याकडून लाइन क्लिअर यायची होती. ती येण्याआधीच हिरवा दाखवला गेला. खऱ्या रूळावर असे झाले तर चौकशी बसते. वाक्प्रचारात झाले तर अभिनंदनाचे फलक लागतात.

जुन्या अर्थाचा उपयोग

शब्द आपली मूळ वस्तू विसरतात, हा भाषेचा रोजचा व्यवहार आहे. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. आज अनेक स्टेशनांत टोकनचे कडे नाही, रुळांवरची यंत्रे चाके मोजून टप्पा रिकामा झाल्याचे सांगतात आणि रॉकेलच्या कंदिलाची जागा विजेच्या टॉर्चने घेतली आहे. तरी मागचे सूत्र बदललेले नाही : पुढे पाहिलेल्याचा होकार, एका टप्प्यापुरता, नोंदीसह.

वाचक म्हणून या सूत्राचा उपयोग करता येतो. ‘अमुक प्रकल्पाला हिरवा कंदील’ असे वाचल्यावर तीन साधे प्रश्न विचारावेत. हा कंदील कोणत्या टप्प्यापर्यंतचा? पुढच्या टप्प्यावर कोण आहे आणि त्याने होकार दिला आहे का? आणि त्या होकाराचा क्रमांक कोणत्या रजिस्टरात आहे? बातमीत उत्तरे नसतील तर तो कंदील हलत्या हातातला समजावा, म्हणजे नियमाप्रमाणे ‘सावधपणे चला’ असा. बातमी लिहिणाऱ्यांनीही ‘तत्त्वतः मंजुरी’, ‘सर्वेक्षणाला मान्यता’, ‘निधीची तरतूद’ हे वेगळे शब्द वेगळेच ठेवले, त्या सगळ्यांना एकाच कंदिलात कोंबले नाही, तर मराठीचे काही नुकसान होणार नाही. वाचकाला गाडी नेमकी कुठवर पोचली आहे ते कळेल.